गांगुर्डे सरांच्या अंगणातला बिबट्या

"संकटात शरीर दोनच गोष्टी करतं शकुबाई! लढतं, नाहीतर पळतं!"

तोंडात ब्रश धरून प्रफुल्ल गांगुर्डे सर कुंपणावरून शेजारणीला शिकवत होते. साल अठ्ठ्याण्णव. इंदिरानगरच्या मागच्या मळ्यात आदल्या संध्याकाळी बिबट्या दिसला होता. शकुबाईंनी तेव्हापासून खिडकीसुद्धा उघडली नव्हती. आता जेमतेम दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या.

"मग तुम्ही काय कराल, सर?"

"मी लढेन! रक्तात असा रस सुटतो, की माणूस हत्तीला ढकलेल!" सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घाबरणं त्यांच्या विषयात बसत नव्हतं.

तांब्या घेऊन चूळ भरायला ते मागच्या अंगणात गेले. हौदाशी लपलप आवाज येत होता. "हाड!" म्हणून सरांनी तांब्या उगारला. कुत्र्यानं मान वर केली.

कुत्र्याच्या अंगावर ठिपके होते!

सरांनी पायांना हुकूम सोडला, पण पाय संपावर गेलेले! छातीत पिठाची गिरणी, हातावरचे केस खराट्यासारखे ताठ. ओरडायला तोंड उघडलं, तर नुसता पेस्टचा फेस बाहेर आला. उगारलेला तांब्या हवेत तसाच.

"अहो, चहा..." म्हणत मीनावहिनी दारात आल्या आणि कप हातातून निसटला.

वहिनी अंगानं काडी. गॅसची टाकी सरकवायलाही सरांना हाक मारायच्या. पण त्या क्षणी ना किंचाळल्या, ना थबकल्या. दोन ढांगांत आल्या, सरांना बाजरीच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि चौदा पायऱ्या चढून थेट गच्चीत! दारातून जाताना तांब्या चौकटीवर आपटला. ठण्ण! त्या आवाजानं बिबट्याच दचकला आणि भिंतीवरून उडी मारून मळ्याकडे पसार झाला.

वहिनींनी खाली ठेवल्यावर सरांनी आधी तोंडावरचा फेस पुसला.

"मीना... तू मला उचललंस?"

"मी? कधी?" वहिनींनी खाली जिन्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मटकन बसल्या. उठायला गेल्या तर कंबर जागची हलेना. सर उचलायला वाकले, पण त्यांना वहिनींचा पदरही नीट उचलता येईना.

शेवटी बिबट्याच्या शोधात आलेल्या वनखात्याच्या चौघांनी वहिनींना खुर्चीवर बसवून खाली आणलं. फाटकाशी गर्दी! शकुबाईंनी हंबरडा फोडला, "धरलं गं बाई मेल्यानं, मीनाला धरलं!"

वनरक्षकानं घाईघाईनं पंचनाम्याचा कागद काढला. "ताई, दुखापत कशामुळे? बिबट्या लिहितो."

"त्या बिचाऱ्यानं काय केलं?" वहिनी कण्हत म्हणाल्या. "नवरा लिहा. अठ्ठ्याहत्तर किलो."

सरांनी तांब्या पाठीमागे लपवला आणि हळूच म्हणाले,

"शहात्तर."