वामनभाऊंची फिकी मिरची

वामनभाऊंचा मेलेल्या माशावर विश्वास नाही, आणि जिवंत माशावर तर त्याहून नाही.

रविवारी सकाळी घुग्घुसच्या बाजारात ते ढिवरीणबाईच्या टोपल्यापुढे उकिडवे बसतात. कल्ले उघडून बघतात, डोळा बोटाने दाबून बघतात, पोट हुंगतात आणि मान हलवतात.

"बाई, हा कालचा हाय."

"कालचा कसा, भाऊ? शेपटी हलवून राह्यला न अजून!"

"तेच त म्हनतो मी. इतकी काऊन हलवून राह्यला? याच्यात काईतरी गडबड हाय."

शेवटी तोच मासा पिशवीत टाकून, वाटेत दोनदा पिशवीत डोकावत भाऊ घरी येतात.

हे आमचे शेजारी. कोळसा खाणीत आयुष्यभर डंपर चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीवरही त्यांचा संशय आहे. नवा पंखा आवाज करत नाही म्हणून त्यांनी तो दुकानदाराला परत केला होता. मी एकदा वाटीभर शिरा पाठवला, तर वाटी हातात घेऊन दारात उभे.

"बाई, आज काऊन पाठवला?"

"सहज, भाऊ."

"सहज कोनी कोनाले काई देत नाई."

शिरा मात्र ठेवून घेतला. वाटी घासून परत आली, आणि शिऱ्याच्या बदल्यात मी काही मागते की काय यावर त्यांचं आठ-दहा दिवस लक्ष होतं.

या माणसाबरोबर नांदायला देवाने राजक्कासारखी बाई शोधून काढली हे नवलच. राजक्का सिरोंच्याकडची, तेलुगू घरातली, मोकळीढाकळी, मोठ्याने हसणारी. तिच्या हातचा तळलेला मासा, तिच्या भाषेत 'चेपल वेपुडू', ज्याने खाल्ला तो विसरला नाही. लाल मिरची, आलं-लसूण, हळद, लिंबू, थोडं तांदळाचं पीठ, आणि शेवटी तव्यात टाकलेली मूठभर गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची पानं. पहिला तुकडा ती चुलीजवळ उभ्यानेच खायची, डोळ्यांतून पाणी काढायची, मांडीवर थाप मारून ओरडायची, "कारम!" आणि पोट धरून हसायची. कारम म्हणजे तिखट. ती ओरडली की आम्ही समजायचो, मासा जमला.

मागच्या पावसाळ्यात राजक्काच्या अंगावरून वारं गेलं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून ती घरी आली, हळूहळू काठीने चालू लागली, बोलणंही परत आलं. पण उजवा हात काही परत आला नाही. मग ज्या भाऊंनी जन्मात चहा केला नव्हता, त्यांनी झारा हातात घेतला.

आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांच्या नाकाला वनवास लागला.

भाऊ खिडक्या बंद करून मासा तळत. दाराच्या फटीत दुपट्टा कोंबत. का, तर वासावरून लोक मसाला चोरतात. धूर मात्र कौलांतून थेट आमच्याकडे येई. दर रविवारी तो जास्तच झोंबायला लागला. भाऊंनी आधी भिवापूरची मिरची आणली, मग तेलंगणातून कुणाकडून तरी मागवली, मग लवंगी. प्रत्येक मिरचीला त्यांनी नावं ठेवली. गिरणीवाला मिरची बदलतो म्हणून ते मशीनसमोर स्टुलावर बसत. शिंकून शिंकून बेजार होत, पण डोळे मिटत नसत. पुढे पूड पाण्याच्या ग्लासात टाकून विटेचा चुरा शोधला. चुरा निघाला नाही.

"वीट नाई निघाली," ते मला म्हणाले, "म्हंजे आनखी मोठी गडबड हाय."

आता मीही काही साधी नाही. दोन माणसांच्या घराला एवढं तिखट लागतं कशाला? माझा संशय असा, की आम्हाला खोकवून खोकवून क्वार्टर सोडायला लावायचा हा डाव आहे. एका रविवारी सासूबाईंना ठसका लागला तो थांबेचना. मी पदर खोचला आणि भाऊंचं दार वाजवलं.

"कोन?"

"मी, शेजारची."

"काऊन?"

"दार उघडा, मग सांगते काऊन ते!"

बाहेरच्या खोलीत राजक्का खाटेवर बसली होती. किती वाळली होती! मी तशीच स्वयंपाकघरात घुसले. भाऊ नाकाला दुपट्टा बांधून तव्यापुढे उभे. मसाला लावलेले मरळीचे तुकडे ताटाखाली झाकलेले, आणि ताटावर खलबत्ता ठेवलेला, कारण मांजरावरही संशय.

"भाऊ, मानसं माराची हायत का तुमाले?"

"हळू बोला, बाई." त्यांनी दुपट्टा खाली ओढला. "आल्याच त एक काम करा. हा तुकडा तिच्यापुढं खा, आन फिकं हाय म्हना."

"फिकं? काऊन? भाऊ, याच्यात काईतरी गडबड हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी संशय घेतला होता. ते तव्याकडे बघत बोलले.

"तिच्या जिभेले काईच कळत नाई, बाई. वारं गेलं तवापासून. गोड नाई, तिखट नाई. माती लागते म्हने, आन खानंच सोडलं होतं तिनं. मंग म्या म्हनलं, तुयी जीभ बरी हाय, मिरचीतच भेसळ हाय. तवापासून खाते. तपासाले म्हनून खाते. माशासंग भातबी जाते दोन घास."

माझा पदर केव्हाच सुटला होता. तरी मी विचारलं, "मंग मिरची कमी टाका न. तिले त कळतच नाई."

"एखाद्या दिवशी कळन न, बाई," भाऊ म्हणाले. "त्या दिवशी कमी नोको पडाले."

मी तळलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन बाहेर आले. राजक्काने डाव्या हाताने तुकडा तोडला, तोंडात घोळवला, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू सांग गं. कारम हाय?"

मी घास घेतला. जीभ पेटली, कान पेटले, टाळूपर्यंत जाळ गेला. पाणी मागायची सोय नव्हती. डोळे भरून आले, ते नुसत्या तिखटाने नाही. मी घास गिळला.

"छ्या, राजक्का! निव्वळ फिकी. भाऊले फसवलं कोनीतरी."

राजक्का ताठ बसली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"मी म्हनत होती न! मले वाटलं, माझीच जीभ गेली." तिने ताट पुढे ओढलं. "एका तुकड्यानं नाई समजत. आनखी एक द्या."

भाऊंनी सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला. मरळीला काटे थोडेच असतात, पण भाऊंचा भरवसा नव्हता. ते तिच्याजवळ खाली बसले, तुकडा फोडला, आणि एकेक पाकळी बोटांनी चाचपून तिच्यापुढे ठेवत राहिले.