पाटकरकाकांचे भाजके सातू

पाटकरकाका बिअर पीत नाहीत. ते ती बघतात.

घरी आंबवलेली बिअर ग्लासात ओततात, ग्लास खिडकीशी नेतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "ही आमच्याकडे ओली वीट म्हणून खपली असती." आमच्याकडे म्हणजे रंगांच्या कंपनीत. तिथे शेड जुळवण्यात त्यांची उभी हयात गेली. एवढं झालं की ग्लास माझ्या हातात येतो. पिण्याचं काम माझं. चव कशी आहे हे ते विचारत नाहीत. "शेड बघा, शेड," म्हणतात. खरं सांगायचं तर वीट ओली काय नि कोरडी काय, मला दोन्ही तपकिरीच दिसतात. आमच्या हॉलच्या भिंतींचा रंग कुणी विचारला तर मी बायकोकडे बघतो.

या नादाला लागलेले आम्ही चौघं. माजिवड्याच्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावर मी आणि खालच्या मजल्यावर काका. घोडबंदर रोडला राहणारा आयटीतला जाधव. आणि डोंबिवलीचा तांबे, माझा शाळेपासूनचा मित्र. जाधव या विषयात फार गंभीर आहे, त्याच्याकडे तीन तऱ्हेचे थर्मामीटर आहेत. तांबे पिण्यापुरता गंभीर आहे. मी यात का आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. बायको नातेवाइकांना सांगते, यांचं सातूचं काहीतरी चाललेलं असतं. त्यामुळे मावशींना वाटतं की मी पथ्यावर आहे.

तसं ती खोटं बोलत नाही. बिअरचा मूळ माल सातूच. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे, गरम पाण्यात ठेवून त्यांचा गोड काढा करायचा, तो उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट घालून वाट बघायची. एवढं मला पाठ आहे, कारण पहिल्याच पायरीवर मी एकदा सगळ्यांना बुडवलंय. सातू भरडून आणायचं काम माझ्याकडे आलेलं. मी डबा घेऊन टेंभी नाक्याजवळच्या गिरणीत गेलो. गिरणीवाल्याने कसं दळू म्हणून विचारलं आणि मी सवयीने नेहमीसारखं म्हणालो. आमच्याकडे नेहमीसारखं म्हणजे भाकरीला लागतं तसं. गरम पाण्यात पडल्याबरोबर त्या पिठाची खळ झाली. काकांनी ती डावात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "प्रायमर." जाधव काही दिवस माझ्याशी बोलला नाही. उरलेल्या पिठाची बायकोने धिरडी घातली. त्या अख्ख्या बेतात तेवढीच गोष्ट चांगली झाली.

तर यंदा जाधवने काढलं की चौघांनी मिळून एकच बिअर करायची. केटररकडून मोठं पातेलं आणायचं, रविवारी त्याच्या गच्चीवर काढा उकळायचा, मग ज्याने त्याने आपला वाटा घरी नेऊन आंबवायचा. एका काढ्याच्या चार घरी चार चवी कशा होतात ते बघायचं. कल्पना छान होती. अडचण एवढीच, की पातेलं एक म्हणजे रेसिपी एक.

जाधवला फिकट एल हवी होती. एल ही बिअरचीच एक जात, असं तो म्हणतो. त्याच्या रेसिपीत सगळं ग्रॅममध्ये आणि मिनिटांत, आणि सातू भाजायची भानगड नाही. पाटकरकाकांना हवी होती गडद. तीही घरच्या कढईत भाजलेल्या सातूंची. भाजलेले सातू बाजारात तयार मिळतात, हे जाधवने दहा वेळा सांगितलं. काका म्हणायचे, "त्याला काय अर्थ?" एरवी हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी हात वर करत नाही. इथे मात्र हटायला तयार नव्हता.

आणि माझा गोंधळ पुढेच आहे. जन्मभर शेड जुळवलेल्या या माणसाचे सातू दर वेळी वेगळ्या शेडचे. एकदा जवळजवळ कच्चे, एकदा सरळ कोळसा. जाधव म्हणायचा, "काका, प्रोसेस नाही तुमची." काका म्हणायचे, हात चुकला माझा. पण चुकल्याचं वाईट वाटलेला माणूस असा दिसत नाही. एकदाच ते सातू असे जमले की तांबे उरलेली बाटली पिशवीत घालून डोंबिवलीला घेऊन गेला. हे कसं जमवलंत म्हणून आम्ही खोदून विचारलं. काका नुसतेच हसले. ती बाटली त्यांनी उजेडातही धरून बघितली नव्हती.

शनिवारी तांबेने फोन करून आपलं मत मला देऊन टाकलं. तू म्हणशील ते, पण लवकर म्हण, म्हणाला. म्हणजे माझ्याकडे मतं दोन, आणि विचार एकही नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, फिकट करा, जिन्यात धूर तरी होणार नाही. मला पटलं. काकांना ग्रुपवर कळण्याआधी तोंडावर सांगावं म्हणून मी खाली उतरलो.

त्यांच्या स्वयंपाकघरात सातू भाजणं चाललेलं होतं. काका एका हाताने कढईतले सातू हलवत होते, दुसरा हात गॅसच्या बटणावर. काकू शेजारी स्टुलावर, चष्मा काढून, डोळे मिटून.

"बसा विनय," काकू म्हणाल्या. "बघून सांगायचं नाही, असा नियम आहे आमचा."

मला ठसका लागला. सातू तपकिरीच्या पार पलीकडे गेले होते, हे मलासुद्धा दिसत होतं. काका कढईकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकू पुढे वाकल्या, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अजून नाही हं." काका हलवत राहिले. कढईतून धूर निघाला. मी बोलायला तोंड उघडलं आणि काकांनी मान हलवून मला गप्प केलं.

"झालं. बंद करा," काकू म्हणाल्या.

काकांनी तत्क्षणी बटण फिरवलं. "बरोबर धरलंस."

"आला ना खरपूस वास?" काकूंनी मला विचारलं.

मी आला म्हणालो.

काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "हिची भाजणी सगळी वासावर असायची," ते म्हणाले. "करोनाच्या तापात नाक गेलं, ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, रोज वास घ्यायचा सराव करा. लवंग झाली, लिंबू झालं, कंटाळली. भाजणी कर म्हटलं तर म्हणते, दोघांसाठी कशाला? तुम्हा लोकांसाठी सातू भाजायचेत म्हटलं की उठते. माणसं थांबलीत म्हणते."

"येतो का पण वास?"

"एकदा आला. तांबेंनी बाटली घरी नेली ना, त्या वेळी." मग त्यांना आठवलं. "तुम्ही काही सांगायला आला होतात?"

उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला, मी म्हणालो.

वर येऊन ग्रुपवर लिहिलं, दोन्ही मतं गडदला. बायकोने विचारलं, फिकटचं काय झालं? तेवढ्यात जाधवचा मेसेज आला. ओके दादा, पण भाजायचं नक्की किती मिनिटं? रेसिपीत टाकायचंय.

मी लिहिलं, ते उद्या काकू ठरवतील. कढईसकट त्यांनाही गच्चीवर आणतोय.