बारा एकांचे हिस्सेदार

केंदूरच्या सगुणाबाईंना पिठाच्या गिरणीसाठी विजेचं मीटर हवं होतं. गिरणी येऊन पडली होती, पट्टा चढवून झाला होता. तरी दळणाची पाटी डोक्यावर घेऊन त्यांना पाबळची वाट तुडवावी लागत होती. म्हणून १९९९ सालच्या एका मंगळवारी त्या अर्ज घेऊन विजेच्या कार्यालयात गेल्या. सोबतीला शेजारचे अकबर मास्तर होते. मास्तरांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना कुणी काहीच विचारत नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवलेलं बरं.

खिडकीतल्या बाळासो भाऊसाहेबांनी नंबर मारायचं मशीन अर्जावर दाबलं. मशीन एकावर अडकलेलं होतं. बारा चौकटींत बारा एक उठले.

"मूळ का संयुक्त?" भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

अर्ज मूळ मालकाचा का भाऊबंदांसह, असं त्यांना विचारायचं होतं. मास्तरांची नजर मात्र नंबरावर होती.

"संयुक्त! बारा एकांची बेरीज बारा, म्हंजी तीनानं भाग जातोय."

"हिस्सेदार किती?"

भाग जाणारे आकडे मोजायला मास्तरांनी कागद मागून घेतला. रांग वीस मिनिटं थांबली.

"मूळचे सात. तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, एकशे एक आन् नऊ हजार नऊशे एक. एक आन् त्यांच्या गुणाकारापासनं झालेले धरले तर एकूण एकशे अठ्ठावीस."

"वारसांसह एकशे अठ्ठावीस," भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. "सगळ्यांची संमतीपत्रं, रहिवासी दाखले, दोन-दोन फोटो."

"मास्तर," सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "मालक गेल्यापासनं घरात मी आन् म्हस. एवढी भाऊबंदकी कुठनं काढली तुमी?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "भाऊसाहेब, हे आकडे हायेत. माणसं न्हाईत."

"मयत हायेत? मग मृत्यूचे दाखले जोडा."

ते आकडे घर नंबर धरून नोटिसा निघाल्या. सदतीस नंबरच्या हौशीरामनं संमती दिली, पण जन्मभर फुकट दळणाच्या अटीवर. एक नंबरला ग्रामपंचायत निघाली. तिला ठराव लागला. नऊ हजार नऊशे एक नंबरचं घर केंदुरात नव्हतंच. तो हिस्सेदार परागंदा ठरला.

मास्तरांनी जुनी पुस्तकं उपसली आणि आठव्या दिवशी ते खिडकीवर हजर झाले.

"भाऊसाहेब, तोडगा घावला! मशीनला आणखी सात एक मारू द्या. एकोणीस एकांची संख्या मूळ असती. एक आन् ती सोताच, तिसऱ्या कुणाचा भाग जात न्हाई!"

"चौकटी बाराच हायेत."

मागणी वरती गेली. दोन वर्षांनी एकोणीस चौकटींचा फॉर्म आला. त्याच आठवड्यात, कार्यक्षमतेच्या भरात, मशीनही दुरुस्त झालं. आकडा एकानं पुढं सरकला: अठरा एक उठले आणि शेवटी दोन.

सगुणाबाईंनी मास्तरांचं मनगट करकचून धरलं. मास्तरांनी ओठ दातांखाली दाबले.

"मूळ का संयुक्त?"

"मूळ!" सगुणाबाई ओरडल्या.

भाऊसाहेबांनी पेन टेकवलं, तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "अहो, शेवटी दोन हाय! संयुक्त की!"

सगुणाबाई अजून पाबळला जातात. बोलणारा कोण, याची नोंद नाही. पण ते दोन पाहताच तुमच्याही तोंडावर तेच आलं होतं. तेव्हा त्या दिवशी तुम्ही रांगेत नव्हता, असा दाखला तेवढा काढून ठेवा. मूळ प्रत लागेल.