शिडीला चिकटलेली मॅट्रेस

"पंधरा दिवसांत इंग्रजी खिशात घालतो की नाही बघा!" भाऊने हॉटेलच्या तळघरात बॉयलरला साक्षी ठेवून जाहीर केलं. एकोणीस वर्षं तो त्या बॉयलरपुढे भाजून निघत होता. भुवया केव्हाच जळाल्या होत्या आणि डोळे असे लाल, की नवा पाहुणा त्याला बघून रस्ता बदलायचा. आता वरच्या मजल्यावर फोनच्या टेबलाची जागा रिकामी झाली होती. खुर्ची! पंखा! खिडकी! अट एकच: परदेशी पाहुण्याने फोनवर काय मागितलं ते कळलं पाहिजे. मॅनेजरसाहेब एक दुपार खुर्चीवर बसवून पारखणार होते.

भाऊला धास्ती होती ती जुळ्या शब्दांची. सोप आणि सूप. यातलं एक अंगाला लावायचं, दुसरं प्यायचं. ऐनवेळी कुठलं कुठं, ते आठवलं तर शपथ! म्हणून त्याने जालीम उपाय काढला. आठवीतल्या मुलीकडून इंग्रजी नावं मराठी अक्षरांत लिहून घेतली आणि घरातल्या साठ वस्तूंना खळीने चिठ्ठ्या डकवल्या. वर फर्मान सोडलं, "परीक्षा होईपर्यंत मला कुणी काही शिकवायचं नाही. आत्मविश्वास ढळतो!"

चिठ्ठ्या लावल्याच्या समाधानात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, भाऊ कामावर असताना, पंख्याच्या वाऱ्याने निम्म्या चिठ्ठ्या झडल्या. घरात आई एकटी. लेकाच्या बढतीचा प्रश्न! तिने एकूण एक चिठ्ठी वेचली, नवी खळ शिजवली आणि डोकं चालवून एकेक जागेवर लावली. 'मॅट्रेस' हा भारदस्त शब्द, म्हणून गादीची ती चिठ्ठी उंच शिडीला. 'बोल्स्टर' म्हणताना जीभ खरखरते, म्हणून लोडाची ती चिठ्ठी खराट्याला. आणि रजईची 'क्विल्ट' बादलीला, कारण बादली आपटली की साधारण तसाच आवाज येतो!

संध्याकाळी भाऊ घोकायला बसला. शिडीपुढे उभा राहून "मॅट्रेस, मॅट्रेस" सुरू झालं.

"बाबा, पण ते..." मुलगी म्हणाली.

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझंच, पण..."

"मग निदान स्वतःच्या अक्षरावर तरी विश्वास ठेव!"

मुलीने कपाळाला हात लावला आणि पुढचे बारा दिवस लावूनच ठेवला.

परीक्षेच्या दुपारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला. पंख्याखाली पाचच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरचे पाठदुखीने बेजार झालेले म्हातारे साहेब.

"मॅट्रेस, प्लीज! व्हेरी हार्ड!"

भाऊचा चेहरा उजळला. घरचाच शब्द! त्याने हमालाला हाक मारली. "आप्पा, तिसऱ्या मजल्यावर शिडी न्या. पटकन!"

आप्पा शिडी घेऊन गेले आणि शिडीसकट परत आले. "भाऊ, ते पलंगाकडे बोट दाखवताहेत हो. गादी मागत असतील."

"आप्पा, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाही बुवा."

"मग?"

पुन्हा फोन. "नो, नो! मॅट्रेस! सॉफ्ट! अँड अ क्विल्ट!"

सॉफ्ट म्हणजे मऊ, एवढं भाऊला येत होतं. मऊ शिडी? परदेशात काय काय निघेल, सांगता येत नाही! त्याने मोठी शिडी पाठवली, पायऱ्यांना फडकी गुंडाळून. सोबत पाण्याने भरलेली बादली. थोड्या वेळाने साहेबांनी कळवळून "बोल्स्टर!" म्हटल्यावर खराटाही गेला.

दहा मिनिटांनी साहेब कमरेवर हात ठेवून स्वतःच खाली आले. शिडी, बादली आणि खराटा बघून त्यांचा समज झाला होता, की खोली आपली आपणच झाडायची आहे! बॅग त्यांच्या हातात होती.

मॅनेजरसाहेबांनी कसंबसं त्यांना थांबवलं, गादी पोचवली आणि ती खुर्ची आप्पांना दिली.

"साहेब, त्यांना तर एक शब्द येत नाही!" भाऊ रडकुंडीला आला.

"म्हणून तर ते वर जाऊन बघतात," मॅनेजरसाहेब म्हणाले.

घरी मुलीने सगळा उलगडा केला. आई दारातच उभी होती. "काय रे, चिठ्ठ्यांचा उपयोग झाला ना?"

सकाळीच पुन्हा गळलेल्या चिठ्ठ्या डकवल्यामुळे तिच्या बोटांना खळीचे पापुद्रे अजून चिकटलेले. भाऊ म्हणाला, "झाला ना. परदेशी साहेबांनी प्रत्येक वस्तू ओळखली." आणि तो अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी तळघरातला फोन वाजला.

"भाऊ, आप्पा बोलतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना गरम पाणी हवंय."

"कळलं कसं तुम्हाला? काय म्हणाले?" भाऊने हेव्याने विचारलं.

"शब्द नाही कळला. पण आंघोळीला गेले आणि बोंबलत बाहेर आले. बॉयलर पेटवलाय ना?"

भाऊने बॉयलरकडे पाहिलं. थंडगार! पुढे मांडी घालून बसून तो सकाळपासून आपल्या नशिबालाच शिव्या घालत होता, तेही मराठीत.