आडनावाचा चौकोन

"आडनाव?" डोरीनबाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"नाही," पुर्वांती म्हणाली.

"नाही म्हणजे? पासपोर्टवर असेल की."

"पासपोर्टवरही नाही. नुसतं पुर्वांती. आमच्या जावा बेटावर पुष्कळांचं असतं तसं."

मॅनिटोबातल्या त्या लहानशा विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत डोरीन कोवालचुक सव्वीस वर्षं ठाण मांडून होत्या. पदवीसाठी परदेशातून आलेल्या पोरांची जिभेला गाठ मारणारी नावं त्यांनी एकही अक्षर न चुकता टाइप केली होती. पण नसलेलं नाव टाइप करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. आडनावाचा चौकोन रिकामा ठेवला की कॉम्प्युटर लालभडक व्हायचा आणि पुढं सरकायला साफ नकार द्यायचा.

"वडिलांचं नाव काय?"

"सुकार्जो."

"मग तेच घालू या."

"ते त्यांचं आहे. ते वापरताहेत अजून."

मागची रांग दाराबाहेर गेली होती. डोरीनबाईंनी चौकोनात 'अज्ञात' असा शब्द ठोकला आणि "पुढचा!" अशी हाक दिली.

दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हजेरी घेतली. "मिस अज्ञात?"

पुर्वांती उभी राहिली. "सर, अज्ञात म्हणजे असतं, पण ठाऊक नसतं. माझं नाहीच आहे, आणि ते मला चांगलं ठाऊक आहे."

वर्ग खो खो हसला. दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये "ए अज्ञात, मीठ सरकव गं" सुरू झालं. पुर्वांतीनं मीठ सरकवलं, सूप तसंच टाकलं आणि तडक कचेरी गाठली.

डोरीनबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी डोकं लढवून दोन्ही चौकोनांत एकच नाव घातलं. पुर्वांती पुर्वांती! कॉम्प्युटर खूश झाला. फक्त त्यानं जुनी मुलगी बदलली नाही, एक नवीच मुलगी जन्माला घातली. व्हिसा, खोली आणि हजेरीपट अज्ञातच्या नावावर राहिले. परीक्षेचे गुण मात्र पुर्वांती पुर्वांतीच्या पदरात पडू लागले.

हा घोळ कळला तो सहामाहीनंतर. एकाच सकाळी दोन पत्रं आली. पहिल्यात पुर्वांती पुर्वांतीचं अभिनंदन होतं. रसायनशास्त्रात चौऱ्याण्णव गुण मिळाल्यामुळे, मागं पडलेल्या विद्यार्थ्यांना शिकवायला तिची निवड झाली होती. दुसऱ्यात पुर्वांती अज्ञातची खरडपट्टी होती. तिनं एकही पेपर दिलेला नाही. सहा आठवड्यांनी तिनं अधिष्ठात्यांपुढं हजर व्हावं, नाहीतर प्रवेश रद्द, म्हणजे पर्यायानं व्हिसाही रद्द. तोवर तिला शिकवणी लावण्यात येत आहे. शिकवणारी तिच्याच गावची असल्यामुळे तिला परकं वाटणार नाही. नाव, पुर्वांती पुर्वांती.

खोलीतली मैत्रीण हिमेना मेक्सिकोची. हसून हसून ती पलंगावरून खाली आली. "अगं, माझ्याकडे दोन आडनावं आहेत. एक घे आणि सुटून जा!"

डोरीनबाईंनीही तोच उपाय सांगितला. आडनाव घाल, सही कर, दोन्ही मुली एक करून देते. रडकुंडीला आलेल्या पुर्वांतीनं घरी फोन लावला. "बाबा, तुमचं नाव घेऊ का?"

"घे की," सुकार्जो म्हणाले. "पण तुला मनातून पाहिजे म्हणून घे. कॉम्प्युटरला पाहिजे म्हणून घेऊ नकोस."

झालं! पुर्वांतीनं डोळे पुसले आणि पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारल्या. दर मंगळवारी ती वाचनालयात एकटीच बसून अभ्यास करायची आणि शिकवणीचा अहवाल भरून द्यायची. 'विद्यार्थिनी वेळेवर आली. हुशार आहे.' पुढच्या आठवड्यात, 'आमचं छान जमतं. तिला रसायनशास्त्र येतं, कचेरीचं गणित येत नाही.' सहाव्या अहवालात, 'दोष तिचा नाही. तिला काढलंत तर मीही जाईन.' शिकवणी विभागाला ही तळमळ फार आवडली. सगळे अहवाल त्यांनी अधिष्ठात्यांकडे पाठवले.

ठरल्या दिवशी अधिष्ठाता फ्रीसन यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. डोरीनबाई फाईल घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. पुर्वांती एका खुर्चीत बसली.

"दुसरी कुठं आहे?" फ्रीसननी विचारलं.

पुर्वांती उठून दुसऱ्या खुर्चीत बसली. "ही काय, आलेय."

फ्रीसन हसले नाहीत. "हे बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एक आडनाव घाला."

"तुमचा एक चौकोन रिकामा दिसू नये म्हणून मी माझं नाव बदलू?"

"नाहीतर नियमाप्रमाणे तुम्हाला काढावं लागेल."

पुर्वांतीनं खुर्ची पुढं ओढली. "काढा. फक्त पत्रात कारण लिहा. चौऱ्याण्णव गुण मिळाले, पण नाव एकच निघालं. खाली तुमची सही करा. ते पत्र मी घरी भिंतीला लावीन."

फ्रीसननी लेखणी उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. "डोरीन, तो चौकोन रिकामा ठेवताच येत नाही का?"

"येतो की, सर. तुमच्या सहीनं येतो."

"मग आजवर सांगितलंत का नाही?"

"आजवर कुणी सही करतो म्हणालं नाही, सर."

सही झाली. सगळे गुण एका नावावर आले, आणि शिकवणी विभागाच्या दप्तरी एक चमत्कार नोंदला गेला. शून्यावरची मुलगी सहा आठवड्यांत चौऱ्याण्णववर! उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या समारंभात सर्वोत्तम शिकवणीचं पारितोषिक जाहीर झालं.

"पुर्वांती..." निवेदक अडखळला. त्यानं कागद उलटून पाहिला. "माफ करा, आडनाव छापायचं राहिलेलं दिसतं."

पुर्वांती जागची हलली नाही. शेवटच्या रांगेतून डोरीनबाई ताडकन उठल्या. "काही राहिलेलं नाही! तेवढंच आहे! नीट वाच!"

निवेदकानं नीट वाचलं. पुर्वांती टाळ्यांच्या गजरात मंचावर गेली.

"आणि तुमची ती विद्यार्थिनी? आली आहे का आज?" निवेदकानं विचारलं.

"आली आहे," पुर्वांती म्हणाली. "पण तिला पुढं पुढं करायला आवडत नाही."