बावीस पायऱ्यांचा व्हिसा

माणूस जमिनीवर जन्मतो, जमिनीवरच वाढतो आणि शेवटी त्याची व्यवस्थाही जमिनीवरच लागते. तरीही जमिनीवर पाय ठेवायला परवानगी लागते, ही गोष्ट त्याला बोटीत बसल्याशिवाय कळत नाही. विमानाने जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो परवानगी घेऊन निघतो आणि नसेल तर परत पाठवला जातो. दोन्हींत एक टापटीप आहे. क्रूझचा प्रवासी मात्र सकाळी नाश्ता करून परक्या देशात उतरतो, दुपारी तिथली दुकानं न्याहाळतो आणि संध्याकाळी बोटीवर जेवायला हजर असतो. हा मनुष्य त्या देशात आला म्हणायचं, की नुसता डोकावून गेला? शेजारी वाटीभर साखर मागायला गेलेल्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. पण साखर घेताना तो उंबऱ्यावर घसरून पडला, तर कोणाच्या घरात पडला हे ठरवावंच लागतं.

हा विचार जगात अनेकांनी केला असेल. चार प्रतींत तो फक्त खुलासेसाहेबांनी केला.

खुलासेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. परवाना कचेरीत हेडक्लार्क म्हणून काढलेल्या चौतीस वर्षांत, समोर आलेल्या प्रत्येक अर्जाच्या समासात ते लाल शाईने 'खुलासा व्हावा' असं लिहीत. अर्जात काही कमी असेल तर कमी का, याचा. आणि काहीच कमी नसेल तर मग तो इतका पूर्ण कसा, याचा. लोकांनी नाव ठेवलं आणि साहेबांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं. (खरी बढती मिळाली नाही. तिच्या फायलीवरही त्यांनी शेरा मारला होता.) निवृत्तीनंतर कचेरी सुटली, लाल पेन सुटलं नाही. ते सदऱ्याच्या खिशात असे आणि महिन्याच्या किराणा यादीवरही उमटे.

त्यांच्या पत्नीची थोरली बहीण, म्हणजे घरातली ताई, लग्न होऊन परदेशातल्या एका बंदराच्या गावी राहत होती. दोघी बहिणींची चौदा वर्षांत गाठ नव्हती. याला भांडण, आजारपण किंवा पैशांची ओढाताण असं एकही सभ्य कारण नव्हतं. साहेब व्हिसाचा अर्ज परिपूर्ण करत होते, एवढंच. अर्जाला अकरा कागद लागत. अकरावा हाती येईतो पहिल्याची मुदत टळे. पहिला नवा करून आणावा, तर तिसऱ्यावरचा फोटो जुना होई. या काळात साहेबांच्या पत्नीचे, म्हणजे बाईंचे, केस काळ्याचे पांढरे झाले आणि मधल्या प्रत्येक छटेचा फोटो साहेबांपाशी तीन प्रतींत आहे. अर्ज आजतागायत दाखल झालेला नाही. पण त्यात चूक म्हणाल तर एक नाही.

अखेर बाईंनीच क्रूझची जाहिरात कापून आणली. बोट ताईच्या बंदराला सकाळी अकराला लागून संध्याकाळी पाचला सुटणार होती.

"मला समुद्र नको, तो नाच नको, आणि ते पोहायचं टाकं तर मुळीच नको," बाई म्हणाल्या. "मला सहा तास ताई हवी आहे."

"पण तिथे उतरायला व्हिसा लागतो का?" साहेब म्हणाले.

"ताईचे गुडघे गेलेत हो. ती आता कुठे यायची नाही. ती बंदराच्या फाटकापर्यंत येऊन थांबणार आहे, एवढं ठरलंय."

"ते ठीक. पण लागतो का?"

इथून पुढचे तीन महिने साहेब तरुण दिसत होते. त्यांनी एकूण सतरा पत्रं पाठवली. नऊ उत्तरं आली. त्यांपैकी चार उत्तरांत 'व्हिसा लागत नाही' असं होतं, तीनांत 'सहसा लागत नाही' असं होतं, एकात 'बोट कंपनीला विचारा' असं होतं आणि एक स्वतः बोट कंपनीचं होतं, त्यात प्रवासाला शुभेच्छा होत्या. सामान्य माणसाने इथे बॅग भरायला घेतली असती. साहेबांनी पाहिलं, की 'लागत नाही' म्हणणाऱ्या चारही पत्रांवर जावक क्रमांक नाही. क्रमांक नसलेलं उत्तर म्हणजे नुसत्या गप्पा. आठ उत्तरं तर आलीच नव्हती, आणि मौनाचा अर्थ काय घ्यायचा याची तरतूद कुठेच नव्हती.

बोटीवर आल्यावर त्यांच्या अभ्यासाला प्रत्यक्ष जागेची जोड मिळाली. उतरायच्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. जिन्याचं वरचं टोक बोटीवर, म्हणजे कायद्याने बोटीच्या देशात. खालचं टोक धक्क्यावर, म्हणजे परक्या देशात. तेव्हा व्हिसा कुठल्या तरी पायरीवर सुरू होत असला पाहिजे. साहेबांच्या मते ती बारावी. अकराव्या पायरीवर बसून माणूस परदेशाचा वारा खाऊ शकतो, मात्र पाय लांब करू शकत नाही. या मुद्द्यावर त्यांनी दीड पानाचं टिपण केलं आणि ते शेजारच्या केबिनमधल्या शिंप्याला वाचून दाखवलं.

शिंपी ऐकून म्हणाला, "भारीच की. आणि साहेब, डाव्या खिशाची शिवण उसवलीय तुमची. काढून द्या, टाका घालतो."

तिसऱ्या दिवशी प्रत्येक केबिनच्या दाराखालून एक फॉर्म सरकवण्यात आला. नाव, केबिन क्रमांक, आणि खाली एकच प्रश्न: 'उद्या किनाऱ्यावर उतरण्यासंबंधी आपल्या मनात काही शंका आहे का? होय / नाही.'

अशा जागी बहुतेकांचा हात आपोआप 'नाही'वर पडतो. बोटीवरच्या अठराशे चौसष्ट प्रवाशांपैकी अठराशे बासष्ट जणांनी 'नाही'वर खूण केली. (यात एक गृहस्थ असे होते, की आपण कोणत्या बोटीवर आहोत हेही त्यांना नक्की सांगता येत नव्हतं.) शिंप्याने तर फॉर्म भिंतीला टेकवून, उभ्याउभ्या, एका रेघेत भरला. राहिले दोघं. साहेबांनी कुटुंबप्रमुख या नात्याने पत्नीचा फॉर्मही स्वतःच भरला. दोन्हींवर 'होय' केलं, आणि सोबत सात पानं जोडली.

रिसेप्शनवरच्या बाईंनी ती पानं हातात धरून वजन केल्यासारखी वरखाली केली.

"काका, हे सगळं काय आहे?"

"शंका."

"अहो, 'होय' म्हटलं की मला हे बंदराच्या कचेरीत पाठवावं लागतं. तिकडून उत्तर येईपर्यंत तुमची उतरायची कार्डं बंद राहणार. हा घ्या नवा फॉर्म. 'नाही' करा आणि उद्या मजेत फिरून या."

"पण मला शंका आहे."

"ती सगळ्यांनाच असते हो, काका. कोणी लिहून देत नाही."

चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाने हे वाक्य बाहेरच्या बाजूने प्रथमच ऐकलं. त्याने कोणीही विरघळला असता. साहेब म्हणाले, "पोच द्या. आणि उत्तर आलं की मूळ प्रत तुमच्या दप्तरी ठेवा, मला झेरॉक्स चालेल. मूळ प्रत बाहेर द्यायची नसते."

रिसेप्शनवरच्या बाईंनी हे शब्दशः लिहून घेतलं. कामाची माणसं होती.

दुसऱ्या दिवशी अकराला बोट बंदराला लागली. उत्तर आलेलं नव्हतं. साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले ते उतरायला नव्हे, तर आपल्याला कसं अडवतात ते बघायला. यंत्रावर कार्ड टेकवायचं, लाल दिवा लागला की बाजूला व्हायचं. बाईंनी कार्ड टेकवलं. हिरवा लागला. साहेबांच्या हातातलं कार्ड काढून घेऊन त्यांनी तेही टेकवलं. हिरवा लागला.

"हे चुकीचं आहे," साहेब म्हणाले.

"काल तुम्ही अंघोळीला गेलात ना, तेव्हा मी जाऊन दोघांचे नवे फॉर्म भरून आले."

"तुला शंका नव्हती?"

"होती की. ताई वाळली असेल की सुटली असेल, एवढी एकच. ती काय त्या फॉर्मवर लिहायची? चला."

"माझ्या फॉर्मवर सही कोणाची?"

"माझी. तुमच्यासारखीच केली. इतकी वर्षं बघतेय."

साहेब जिन्याकडे पाहत राहिले. त्यांचा मूळ अर्ज बंदराच्या कचेरीत प्रलंबित होता. त्याच विषयावर, त्याच इसमाचा, दुसऱ्याच्या सहीचा दुसरा अर्ज मंजूर होता. अशा अर्जदाराला त्यांनी स्वतः कधीच सोडलं नसतं. एकदा तर एका बाईला त्यांनी याच कारणावरून अठरा महिने परत पाठवलं होतं, आणि ती कचेरीतून जाताना दरवेळी 'येते हं साहेब' म्हणायची. हे आत्ताच का आठवावं, याचा त्यांना उलगडा होईना.

"तू हो पुढे. उत्तर आलं की आलोच," ते म्हणाले.

मागे रांग खोळंबली होती. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली की अशा पाहण्याला शब्द लागत नाहीत. मग त्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून तुरुतुरु उतरून गेल्या. कुठल्या पायरीवर देश बदलला ते त्यांना कळलं नाही. देशालाही कळलं नसावं.

वरच्या डेकवरून फाटक स्पष्ट दिसत होतं. फाटकाबाहेर एक जाडजूड म्हातारी बाकावर बसली होती. बाई जवळ जाताच ती उठली. उठायला तिला तीन खेपा लागल्या. मग बराच वेळ दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. नंतर बाईंनी वर बोटीकडे बोट दाखवलं आणि ताईने कपाळाला हात लावून पाहिलं. ते ऊन अडवण्यासाठी होतं की दुसऱ्या कशासाठी, एवढ्या अंतरावरून ठरवणं कठीण होतं. साहेबांनी हात हलवला.

त्यानंतर साहेबांनी रिसेप्शनवर एकोणीस फेऱ्या मारल्या. उरलेल्या वेळेत रिकाम्या बोटीवरच्या सूचनांचे फलक वाचले, आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम हवा होता असं त्यांना आढळलं. शिंपी एकदा विसरलेला चष्मा न्यायला वर आला. त्यांना बघून म्हणाला, "तुम्ही इथेच? अहो, खाली सगळे मजेत फिरतायत, कोणी कोणाला विचारत नाही."

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

चार वाजून एकतीस मिनिटांनी उत्तर आलं. एकच ओळ होती: 'त्याच बोटीने परत जाणाऱ्या प्रवाशांस व्हिसाची आवश्यकता नाही.' पण काय ती ओळ. जावक क्रमांक होता, तारीख होती, सही होती, आणि दोन शिक्के होते; त्यांतला एक गोल. साहेबांचे डोळे भरून आले. रिसेप्शनवरच्या बाईंनी सूचनेप्रमाणे मूळ प्रत दप्तरी ठेवली, झेरॉक्स त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पळा, काका."

साहेब पळाले. कचेरीत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं. पळायला लावणं हे त्यांचं काम होतं. बावीस पायऱ्या आणि तीनशे पावलं ओलांडल्यावर फाटक आलं. शिपायाने त्यांच्याकडे न बघताच जा म्हणून हात केला. पलीकडे दहा हातांवर बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या.

आणि साहेब थांबले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातात परिपूर्ण कागद होता, आणि तो कोणी मागत नव्हतं.

"हे बघा," त्यांनी कागद पुढे केला.

"राहू दे काका, जा तुम्ही."

"बघा तर. नियमाप्रमाणे आहे."

शिपाई भिडस्त होता. त्याने कागद घेतला, वाचला, उलटा करून पाहिला. "ही झेरॉक्स आहे. मूळ प्रत कुठंय?"

"ती दप्तरी आहे."

"मग आमच्या साहेबांना विचारायला लागेल."

"अहो, आत्ता तर जा म्हणालात."

"तेव्हा कागद दाखवला नव्हता ना. आता दाखवलात म्हणजे मला बघावं लागतं," शिपाई म्हणाला, आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. जाताना त्याने फाटकाला कडी घातली.

ताई तीन खेपांत उठली आणि गजांपाशी आली. बोटीचा पहिला भोंगा वाजला.

"काय हो, बरे आहात ना?" ती म्हणाली.

"हो. तुमचे गुडघे?"

"आहेत आपले. अर्ज कुठवर आला?"

"झालाच आहे जवळजवळ. एक फोटो तेवढा नवा काढायचाय."

"काढा सावकाश. मी कुठे जाते," ताई म्हणाली, आणि गजांतून हात घालून तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. मग ती बहिणीकडे वळली. दुसऱ्या भोंग्याला शिपाई धावत आला. 'साहेब म्हणाले, जाऊ द्या' असं सांगून त्याने कडी काढली, आणि बाई त्या उघड्या फाटकातून आत आल्या. बाहेर जायला वेळ उरला नव्हता.

जिना चढताना साहेब म्हणाले, "पाहिलंस? लागत नाही हे आता पक्कं झालं." बाई पुढे चढत राहिल्या. वर पोचल्यावर त्यांनी नवऱ्याच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि समुद्रात टाकलं. समुद्रात वस्तू टाकायला परवानगी लागते का, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांच्या चरित्रात ही एकमेव नोंद अशी आहे.

या सगळ्यातून व्हिसाबद्दल नेमका निष्कर्ष काय, असं वाचक विचारतील. विचारतीलच, म्हणून तर ते अजून इथे आहेत. ज्यांची कोणी कुठे वाट बघत होतं, ते हे वाचणं अर्ध्यात टाकून केव्हाच उठून गेले. उरलो तुम्ही आणि मी. मला तर मजकूर पुरा करायचा होता म्हणून बसावं लागलं. तुम्हाला कोणी अडवलं होतं?