कासमभाईंची कौंटी

कुवेतमधल्या फिंतासला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे कासमभाई परकार एकदा दोन दिवस जेवले नाहीत. का, तर शेरीफच्या निवडणुकीत त्यांचा माणूस पडला म्हणून. हा शेरीफ कुवेतचा नव्हे, कुवेतमध्ये शेरीफ नसतो. अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचं राज्य आहे, त्यात वेदरली नावाची कौंटी, म्हणजे आपला एखादा तालुका धरा, आणि त्या तालुक्याचा हा फौजदार. कासमभाईंनी अमेरिका पाहिली नव्हती. वेदरली कौंटीतला माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तोही नोकरी सोडून निघून गेला होता.

"निवडणूक झाली कधी?" मी विचारलं. मी हिशेबनीस. तारीख आधी विचारतो.

"तीन म्हयने झाले."

"म्हणजे नवा शेरीफ तीन महिने खुर्चीत बसलाय. तुम्ही आज उपाशी का?"

"मना काल कळलं, दातारसाहेब. माणूस गेल्याची तार उशिरा आली म्हणून कोण कमी रडतो काय?"

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे लीलाने, त्यांच्यापुढे आमटीभाताचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेवा कासमभाई, चार वर्षांनी पुन्हा निवडणूक येईल." "दोनच," कासमभाई म्हणाले, आणि जेवायला बसले.

कुवेतमध्ये रुपये जाऊन दिनार आले, त्याच्या आगेमागेचे हे दिवस. मी कुवेत सिटीत एका कंत्राटदाराकडे हिशेब बघत होतो. आमच्या घराला मोठं अंगण होतं, आणि अंगणाच्या तीन बाजूंना तीन बिऱ्हाडं. एक आमचं. दुसरं महाडच्या साळवींचं. साळवी माझ्याच कचेरीत टायपिस्ट, रोज माझ्या जुन्या गाडीतून येत-जात, आणि त्यामुळे माझं प्रत्येक मत त्यांना पटत असे. तिसऱ्या खोलीत कासमभाई. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तेलाच्या विहिरींना सामान पुरवणाऱ्या एका गोदामाचे ते स्टोअरकीपर होते. वय पन्नाशीचं, दाढी मेंदीनं रंगवलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

त्या गोदामावर ग्रेडी नावाचा एक अमेरिकन साहेब होता. त्याला गावाकडून दर आठवड्याला एक चार पानी वर्तमानपत्र येई. बोटीनं येत असल्यामुळे दोन-तीन महिने शिळं. साहेब ते वाचून कासमभाईंकडे टाकी, व्हॉल्व्ह गुंडाळायला. कासमभाई व्हॉल्व्ह गुंडाळता गुंडाळता एके दिवशी एक बातमी वाचत थांबले, आणि त्या दिवसापासून व्हॉल्व्हना गोणपाट लावायला लागले. पुढे ग्रेडी गेला. पत्राची वर्गणी शिल्लक होती. जाताना तो म्हणाला, "कॅसम, हा कचरा तूच ठेव."

कासमभाईंना साहेबाचं सगळं आवडे, हा एक शब्द सोडून.

त्या पत्रात जगाची बातमी औषधालाही नसे. मोठमोठे पुढारी आले नि गेले, वेदरलीच्या पत्राला त्याचं काही नाही. त्यात असे ते कोणाची गाय व्याली, कोण रविवारी कोणाकडे जेवायला गेलं, आणि कौंटीच्या सोमवारच्या सभेत काय झालं. कौंटीचा कारभार तीन कमिशनर बघत. रस्ते सपाट करायचं यंत्र तिघांत एक, आणि ते पहिल्यांदा कोणाच्या भागात जाणार यावर दर वसंतात भांडण. कोर्टाच्या इमारतीवर घड्याळ होतं, ते चालत नसे. जमीन लाल, सपाट, गव्हाची. "माणसांपेक्षा गुरं जास्त," कासमभाई अभिमानानं सांगत. "पण प्रत्येक गुराचा कर लावलेला हाय. वर्षाला एक माणूस घरोघर जाऊन मोजतो."

ही गुरं मोजणारी व्यवस्था मलाही पसंत होती, हे नमूद करतो.

"आमच्या कौंटीत" या शब्दांशिवाय कासमभाईंचं वाक्य सुरू होत नसे. आमच्या दारासमोर रस्त्याला खड्डा पडला होता. मी गाडी वळवून घेत असे. कासमभाई म्हणाले, "आमच्या कौंटीत नागरिक सोमवारी सभेत उभा राहून विचारतो." आणि खरंच, सोमवारी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा कोट घालून ते बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेले. सभा कुठं भरते असं विचारू लागले. तिथल्या कारकुनाला हिंदी येत नव्हतं आणि कासमभाईंचं अरबी नमाजापुरतं. शेवटी त्यांनी त्याच्या टेबलावर बोटानं रस्ता काढला आणि मध्ये चहाचा पेला ठेवून हा खड्डा असं दाखवलं. कारकून हसला, त्यानं तो चहा त्यांनाच पाजला, आणि त्याच आठवड्यात खड्डा बुजला.

"बघा," कासमभाई म्हणाले. "लोकशाही."

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो एका पुलात. वेदरली कौंटीच्या उत्तरेला टर्की क्रीक नावाचा ओढा होता. कासमभाई त्याला खाडी म्हणत. खाडीपलीकडे अकरा घरं. जुना लाकडी पूल पुरात वाहून गेला, तेव्हापासून पाऊस झाला की त्या घरांचा गावाशी संबंध तुटे. त्यांतल्या शेवटच्या घरात मिसेस पर्किन्स नावाची म्हातारी विधवा राहत होती. ती गोठ्यात पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि पाणी उतरेपर्यंत डॉक्टर पलीकडे जाऊ शकला नाही. तेव्हापासून पुलाचा प्रश्न कमिशनरांपुढे होता. कमिशनर तो दर वेळी पुढं ढकलत. आता तर ठरलं होतं, की सगळ्या कौंटीचं मत घ्यायचं. पुलासाठी कर वाढवावा की नाही?

शुक्रवारी दुपारी आम्ही अंगणात चहाला जमत असू. पत्र आलं की कासमभाई ते मोठ्यानं वाचत, मराठी करून. आणि पुलाचा विषय निघाला की हात वर करून मतं घेत. ही आमच्या अंगणाची रीतच पडली होती. मला त्यांनी कौंटीचा खजिनदार नेमलं होतं.

"अकरा घरांसाठी पूल," मी म्हणे, "म्हणजे दर घरामागे खर्च काढा. त्या पैशात अकराही घरं अलीकडे बांधून होतील. माझं मत विरुद्ध."

"माझंही," साळवी म्हणत. चहाचा कप खाली ठेवायचीही वाट बघत नसत.

"घरं उचलून आणाल. माणसं उचलून येतात काय?" कासमभाई म्हणत. "लीलाबाई, तुमी बोला."

लीलाचं मत कायम बाजूनं. "त्या बिचाऱ्या पर्किन्सबाईंसाठी," ती म्हणे. "आणि तुम्ही हो, घरातसुद्धा असंच करता. पंख्याला सुद्धा तुमचं मत विरुद्ध होतं."

"आणि तुमचं मत, कासमभाई?" मी विचारी.

"मी देत नाय. आमच्या कौंटीत नियम हाय. ज्याचं हित गुंतलेलं, त्यानं मत द्यायचं नाय."

"तुमचं काय हित गुंतलंय? तुम्ही काय टर्की क्रीकपलीकडे राहता?"

कासमभाई चष्मा काढून पुसत. "नियम म्हणजे नियम," म्हणत. आणि पूल दोन विरुद्ध एक मतांनी पडे.

दर वेळी पूल पडल्यावर ते आमचे कप गोळा करून स्वतः विसळत. रागावलेत की काय अशी मला शंका येई, पण पुढच्या शुक्रवारी खजिनदाराची खुर्ची सावलीत ठेवलेली असे.

त्यांचं एक वागणं मात्र माझ्या मनापासून पसंतीचं होतं. ते गावी जायची लांब रजा घेत नसत. तिच्या बदल्यात रजेचा पगार घेत आणि तो गावी पाठवत. असा काटकसरी माणूस आमच्या अंगणात दुसरा नाही, असं मी साळवींना गाडीत अनेकदा सांगितलं. साळवींना पटलं.

मग एका उन्हाळ्यात मी आणि लीला रजेवर निघालो. माझ्या मावशीकडे चिपळूणला लग्न होतं. कासमभाईंनी एक गाठोडं आणून दिलं. आत एक गरम ब्लँकेट, बॅटरी आणि खजुराचा डबा. "चिपळुणाहून आमचं गाव लांब नाय. आईला द्या. मोटार खाडीपर्यंत जाते." मग थोडं घुटमळून म्हणाले, "आई काय विचारील त्याला हो म्हणा. म्हातारी हाय."

लीला लग्नघरी राहिली, मी एकटाच गेलो. मोटार खाडीपर्यंत गेली हे खरं. पुढं ओहोटी होती. पात्रात पाणी कमी आणि चिखल गुडघाभर. नावाडी झाडाखाली झोपला होता. म्हणाला, "भरती येऊ दे." मी घड्याळ बघत बसलो. पलीकडे माडांत कौलारू घरं दिसत होती. सवयीनं मोजली. नऊ.

भरती आल्यावर होडी सुटली. कासमभाईंचं घर धक्क्याला लागूनच होतं. पडवीत एक म्हातारी बाजेवर बसली होती, तोंड खाडीकडे करून. एक पाय सरळ, एक वाकडा. शेजारी काठी, पण ती नुसतीच टेकवलेली. घरातली सून, कासमभाईंच्या धाकट्या भावाची बायको, चहा घेऊन आली. मी पायाकडे पाहिलेलं तिच्या लक्षात आलं.

"पडली विहिरीपाशी," ती म्हणाली. "ओहोटी होती. हाडवैद्य पलीकडे बसून राहिला, ही अलीकडे. मग हाड तसंच जुळलं. कासमदादांना बोट लागून निरोप मिळाला, तवर सगळं झालंवतं."

मी गाठोडं सोडून ब्लँकेट म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते चाचपलं, बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला.

"बाबा, तू कासमच्या वाड्यातला ना? मग सांग, त्या परकिनबाईचा पूल झाला काय?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. तिला वाचता येत नव्हतं. कासमभाई गावी परतणाऱ्या प्रत्येक माणसाकडून निरोप पाठवत, आणि निरोपात स्वतःबद्दल चार शब्द आणि बाकी सगळी पर्किन्सबाई. म्हातारीची समजूत होती, की ही बाई कुवेतला कासमच्या शेजारीच कुठंतरी खाडीपलीकडे राहते. तिचं हाड मोडलं तसंच आपलं मोडलं. तिचा पूल झाला, की सरकारला सवय लागेल, मग आपलाही होईल.

"होत आलाय," मी म्हटलं.

"होत आलाय, होत आलाय, असंच सांगतात सगळे," म्हातारी म्हणाली. "अडवतो कोन ते म्हायत हाय मना. तुमच्यात कोन दातार म्हणून मेला हाय. पैशे मोजत बसतो. त्याची बायको चांगली हाय म्हणतात."

सुनेनं चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमचं नाव काय, भाऊ?"

"साळवी," मी म्हणालो.

म्हातारीनं मला दोन नारळ दिले, आणि सांदण खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. परतीला पुन्हा भरतीची वाट बघावी लागली. यावेळी मी घड्याळ बघितलं नाही.

कुवेतला परत आलो तर कासमभाई उतरलेल्या चेहऱ्यानं भेटले. ग्रेडीसाहेबाची वर्गणी संपली होती. मतदान झालं असणार, निकालही लागला असणार, पण पत्र यायचं बंद. पूल मंजूर की नामंजूर हे कळायला आता मार्ग नव्हता. "आईनं काय विचारलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पर्किन्सबाईंची खुशाली."

त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी चहाला बसलो. वाचायला पत्र नव्हतं. समुद्रावरून दमट वारा येत होता. मीच म्हटलं, "कासमभाई, मतं घ्या. पुलाची."

"आता कशाला, दातारसाहेब? तिकडं लागला असंल तो निकाल."

"तुम्हाला कळेपर्यंत लागलेला नाही. उशिरा आलेल्या तारेचा नियम तुमचाच आहे. घ्या मतं."

कासमभाई उभे राहिले. घसा साफ केला. "पूल व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

लीलानं हात वर केला. मी केला. साळवी माझ्या हाताकडे बघतच राहिले. "अहो, दर घरामागचा खर्च?" ते म्हणाले.

"पुन्हा काढला," मी म्हणालो. "बरोबर बसतो."

"मग माझाही हात," साळवी म्हणाले.

कासमभाईंनी आमच्या तिघांचे हात बोटानं मोजले. मग म्हणाले, "पूल एकमतानं मंजूर," आणि चष्मा पुसायला आत गेले. ते लवकर बाहेर आले नाहीत. त्या दिवशी कप साळवींनी विसळले.

निरोप पहिल्या बोटीनं गेला. उत्तर यायला पावसाळा उलटला. त्यांच्या गावचा एक माणूस गोदामात कामाला लागला, तो शुक्रवारी आमच्या अंगणात येऊन बसला आणि तोंडपाठ केलेला निरोप त्यानं उभं राहून म्हटला. आईला पुलाचं ऐकून फार आनंद झाला. तिनं गावात साखर वाटली. साळवी म्हणून आले होते त्यांना सलाम, फार सज्जन माणूस, सांदण आवडीनं खाल्लं.

"मी?" साळवी म्हणाले. "मी कधी सांदण खाल्लं?"

कासमभाईंनी साळवींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"आणि आईनं एक विचारलंय," तो माणूस म्हणाला. "परकिनबाई पहिल्यांदा पुलावरून चालली, तेव्हा तिचा हात कोणी धरला व्हता?"

सगळे कासमभाईंकडे बघू लागले. वर्तमानपत्र येत असतं तर त्यांनी ते उघडून सांगितलं असतं.

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी निरोपानं पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला आणि बोटीचं तिकीट काढलं. गाडीत साळवी म्हणाले, "रजेचा पगार बुडाला की हो त्यांचा."

"बुडू द्या," मी म्हणालो.

साळवींना पटलं.